बेवारस कोणाला म्हणावे? मुंबई बंदराच्या दोन काठांवरील कुत्र्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
न्हावा शेवा. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि पुढे भारताच्या कंटेनर व्यापाराचे एक प्रमुख द्वार ठरले. येथे उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरला क्रमांक असतो, सील असते, पाठवणारा असतो आणि स्वीकारणारा असतो. कुंपणाबाहेर ट्रकच्या सावलीत पहुडलेल्या कुत्र्याजवळ यांपैकी काहीच नसते. सरकारी भाषेत तो ‘बेवारस’.

२/
हा शब्द आज नैसर्गिक वाटतो, परंतु त्याला इतिहास आहे. कुत्र्याला मालक असलाच पाहिजे, आणि नसेल तर त्याचे काहीतरी ‘केले’ पाहिजे, ही कल्पना मुंबई परिसरात केव्हा रुजली? समोरच्या मुंबई बेटावर याच प्रश्नावरून १८३२ मध्ये दंगल झाली होती. मारणे, सांभाळणे, सोडून देणे आणि दत्तक देणे या चार उत्तरांचा हा धागा.

३/
आधी जुन्या काळाकडे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या पिलाला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. त्याची आई सरमा राजसभेत येऊन जाब विचारते: माझ्या मुलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, मग त्याला का मारले? कोणालाही उत्तर देता येत नाही आणि ती शाप देऊन निघून जाते. त्याच महाकाव्याच्या शेवटी युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो.

४/
महाराष्ट्राच्या लोकधर्मात कुत्र्याचे स्थान ठसठशीत आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाच्या घोड्याजवळ कुत्रा, भैरवाचे वाहन कुत्रा. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे ‘कोरडी कशी खाशील’ म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची आख्यायिका वारकरी घरांत आजही मुलांना सांगितली जाते.

५/
आख्यायिकेपेक्षा रोजचा व्यवहार अधिक बोलका आहे. पंचबळींत गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढला जाई. खेड्यातील चुलीवर शेवटच्या उरल्यासुरल्या पिठाची लहानशी चानकी थापली जाई. ती घरातल्या पोराच्या हातात पडे, नाहीतर दारातल्या कुत्र्यापुढे. हा कुत्रा एका घराचा नसे, आळीचा असे. त्याला दहा दारे होती आणि मालक एकही नव्हता.

६/
मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्रे व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असा दंडक आहे. ‘श्वपच’ म्हणजे कुत्रा शिजवून खाणारा. माणसाला हीन ठरवण्यासाठी कुत्र्याचे नाव वापरले गेले आणि त्या माणसांच्या सहवासामुळे कुत्राही अपवित्र ठरला.

७/
इंग्रजांनी याची पुनरावृत्ती केली. भारतातील मोकाट कुत्र्याला त्यांनी ‘पॅरिया डॉग’ हे नाव दिले. ते तमिळ प्रदेशातील परैयर या, अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या समाजाच्या नावावरून आले. एका जातीचे नाव प्राण्याला चिकटले आणि ते इंग्रजी शब्दकोशांत ‘बहिष्कृत’ या अर्थाने स्थिरावले. आज दत्तक देणाऱ्या संस्था याच कुत्र्याला ‘इंडी’ म्हणतात. त्या लहानशा नामांतरामागे एवढा मोठा इतिहास आहे.

८/
आता मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोटाच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, युरोपीय, पारशी, गुजराती व्यापारी आणि त्यांचे नोकरचाकर दाटीने राहत. कुत्रेही विपुल होते. १८१३ पासून पोलिसी नियमानुसार वर्षाच्या ठरावीक उष्ण काळात मोकाट कुत्रे मारण्यास मुभा होती. या काळात कुत्रे पिसाळतात अशी समजूत होती.

९/
मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. या आठ आण्यांनी पुढचा घोळ घातला. रस्त्यावर कुत्रे सापडेनात, तेव्हा पकडणारे अंगणांत आणि घरांत शिरू लागले. पाळलेले कुत्रेही ‘मोकाट’ म्हणून खपवले जाऊ लागले. बेवारस कोण, हे ज्याला बक्षीस मिळणार होते तोच ठरवू लागला.

१०/
पारशी समाजासाठी हा केवळ उपद्रव नव्हता. जरथुश्ती धर्मग्रंथांपैकी वेंदिदादमध्ये कुत्र्याविषयी सविस्तर विधाने आहेत. त्याला उपाशी ठेवणे वा इजा करणे हे पाप मानले आहे. अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा संस्कार असतो: मृतदेह कुत्र्याच्या दृष्टीस पाडला जातो. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष मानला जाई. कुत्रा या समाजाच्या मृत्यूचा साक्षीदार होता.

११/
१८३२ मध्ये कुत्रे मारण्याची मुदत जूनपर्यंत वाढवण्यात आली. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात कुत्रे मारणाऱ्या पोलिसांवर संतप्त जमाव चालून गेला आणि त्यांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही बंदात उतरले.

१२/
आंदोलकांनी नेमके मर्म ओळखले होते. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी अन्नाची रसद त्यांनी अडवली. (हा कुलाबा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा, आजच्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नाव ‘कुलाबा’ होते, त्याच्याशी गल्लत नको.) शहराचा पुरवठा कोणाच्या हाती आहे हे सरकारला एका दिवसात कळले. अखेर सैन्य बोलावण्यात आले, दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला आणि धरपकड झाली.

१३/
इतिहासात ही घटना ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणून नोंदली गेली. मुंबईतील एतद्देशीयांच्या संघटित निषेधाचे हे आरंभीचे उदाहरण. त्याचे कारण निव्वळ धार्मिक भावना असे म्हणून चालणार नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत सरकारचा हात किती पोहोचावा, हा प्रश्नही त्यात होता. कुत्रा हे निमित्त होते, आणि ज्यांचे कुत्रे गेले त्यांच्यासाठी तो निमित्तापेक्षा पुष्कळ अधिक होता.

१४/
पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली. शिक्षा झालेल्यांसाठी दयेचे अर्ज गेले आणि कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा तोडगा पुढे आला. येथे दुसरे उत्तर जन्मले: मारू नका, हलवा. हे उत्तर किती चिवट आहे ते धाग्याच्या शेवटी दिसेल.

१५/
तिसरे उत्तर दोन वर्षांनी आले. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. जमशेटजी जीजीभाई हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ हे जैन व्यापारी त्याचे प्रमुख आधार. पांजरपोळ म्हटले की आज गायी आठवतात. पण या संस्थेच्या जन्माशी गोळ्या घालून मारले जाणारे मोकाट कुत्रे आणि डुकरे यांची काळजी निगडित होती. भुलेश्वरजवळच्या त्या भागाला आजही पांजरपोळ हेच नाव आहे.

१६/
पैसा कोठून आला? व्यापारी मालावर ठरावीक ‘लागा’ बसवून. बाजारातून जाणाऱ्या मालावर स्वखुशीने आकारलेली ही पट्टी धर्मादायासाठी वापरण्याची गुजराती व्यापाऱ्यांत जुनी रीत होती. एका दात्याच्या लहरीवर संस्था अवलंबून राहत नसे. बाजार चालू तोवर चारा चालू. आजच्या अनेक प्राणी-निवाऱ्यांना ज्याची सर्वाधिक चणचण भासते ते नियमित उत्पन्न त्या काळी अशा रीतीने उभे केले जात होते.

१७/
तुलनेसाठी लंडन पाहा. मेरी टीलबी या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी हॉलोवे भागात निवारा उघडला तो १८६० मध्ये. १८७१ मध्ये तो बॅटर्सी येथे हलला आणि त्याच नावाने जगप्रसिद्ध झाला. मुंबईचा पांजरपोळ त्याहून २६ वर्षांनी जुना.

१८/
परंतु दोन्ही संस्थांचे तत्त्व भिन्न होते. पांजरपोळात आलेला प्राणी मरेपर्यंत तेथेच राही; जीव घ्यायचा नाही हा नियम, मग तो जीव दाटीत आणि आजारात का जाईना. बॅटर्सीत कुत्र्याला जुना मालक शोधला जाई, न मिळाल्यास नवा. आणि कोणीच न आल्यास पुष्कळांचा शेवट केला जाई. म्हणजे ‘दत्तक’ ही कल्पना जेथे रुजली तेथे तिच्या पाठीशी मृत्यूची टांगती तलवार होती. दोन्हींपैकी कोणती दया मोठी, यावर तेव्हापासून वाद आहे.

१९/
१८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळाने जीव सांभाळला, रुग्णालयाने तो बरा करण्याचे मनावर घेतले. मात्र रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्याचे काय, याचे उत्तर या इमारतींत नव्हते.

२०/
येथे भीतीचा विचार करणे आवश्यक आहे, कारण ती खरी होती आणि आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या मुलाला पहिली लस टोचली. भारतात कसौली येथे पाश्चर संस्था निघाली ती १९०० मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, मुंबई-कोकणातल्या गरीब माणसाला पिसाळलेला कुत्रा चावणे म्हणजे दिवस मोजणे.

२१/
कसौलीतच डेव्हिड सेम्पल यांनी प्राण्याच्या मेंदूपासून लस विकसित केली. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ही आजोबांच्या पिढीची धास्ती त्याच लसीची. भारतात ती २००५ च्या सुमारास बंद होऊन आधुनिक लस आली. आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसे मरतात आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतात. बळींत मुलांचे प्रमाण मोठे. कुत्र्याविषयीच्या करुणेचा कोणताही इतिहास या मुलांना वगळून लिहिता येत नाही.

२२/
म्हणून मुंबई नगरपालिकेने मारणे थांबवले नाही. कुत्र्यांची गाडी येई, फासे पडत, आणि कुत्रे परत येत नसत. स्वातंत्र्यानंतरही हेच चालू राहिले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकानंतर नेहरूंच्या सरकारने १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा केला. त्याच कायद्याच्या कलम ११(३) मध्ये मोकाट कुत्र्यांना ‘प्राणघातक कोठडीत’ मारणे हे क्रौर्याच्या व्याख्येतून वगळले गेले. शतकभराच्या प्रथेला कायद्याने अपवाद म्हणून जागा दिली.

२३/
श्वानकल्याण संस्थांनी दिलेल्या माहितीनुसार एके काळी मुंबईत वर्षाला ५० हजारांपर्यंत कुत्रे मारले जात. तरीही संख्या घटली नाही. कारण सोपे आहे. कुत्रा हद्द धरून राहतो. हद्दीतील अन्नावर त्याची संख्या ठरते. कचरा तेवढाच राहिला आणि कुत्रे तेवढे उचलले, तर मोकळ्या हद्दीत शेजारचे कुत्रे येतात, आणि उरलेल्यांची पिल्ले अधिक जगतात. नवे आलेले कुत्रे लस न टोचलेले, परस्परांशी भांडणारे.

२४/
जानेवारी १९९४ पासून मुंबईत मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरणाचे धोरण आले. ऑक्टोबर १९९८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते महाराष्ट्र व गोव्यात विस्तारले. २००१ मध्ये केंद्राने श्वान प्रजनन नियंत्रण नियम केले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. हे चौथे उत्तर: पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जेथून आणला तेथेच सोडा. आळीचा कुत्रा कायद्यात प्रथमच आळीचा म्हणून ओळखला गेला.

२५/
या धोरणाचे यश अंमलबजावणीवर ठरते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्रे मोजले गेले. शेजारच्या गोव्यात मात्र घरोघर आणि रस्तोरस्ती सातत्याने लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते देशातील पहिले ‘रेबीज नियंत्रित’ राज्य घोषित झाले. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे सूत्र तेथे प्रत्यक्षात उतरले. कुत्रे जिवंत ठेवूनही मुले वाचवता येतात, याचा हा पुरावा कोकणाच्या दारातच आहे.

२६/
आता पुन्हा पूर्व काठावर, न्हावा शेवाला. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी-कोळी गावांची शेती आणि मिठागरे संपादित झाली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण या लढ्यातून आले.

२७/
बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. त्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे वसवले गेले. तेथील घरांना वाळवीने पोखरले आणि योग्य पुनर्वसनासाठी लोकांना दशकानुदशके झगडावे लागले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या मोजदादीत जमीन होती, उभे पीक होते, झाडे होती, बांधकाम होते. मासळीच्या वाटणीच्या वेळी किनाऱ्यावर घुटमळणारा कुत्रा त्यात बसत नव्हता. माणसांचीच गणती जेथे अपुरी राहिली, तेथे कुत्र्याची कोण करणार?

२८/
हा मुद्दा भावनेपुरता नाही. आळीचा कुत्रा टिकतो तो आळी टिकते म्हणून. ओळखीची दारे, ओळखीचे हात, कोणाला भुंकायचे आणि कोणाला नाही याची समज, हे सारे वस्तीच्या स्थैर्यातून येते. वस्ती उठून तेथे कुंपण, यार्ड आणि सहापदरी रस्ता आला की तोच कुत्रा कोणाचाच राहत नाही. चानकी देणारी चूल गेली की उरतो तो कचऱ्याचा ढीग. ‘मोकाट’ कुत्र्यांचा प्रश्न ज्या गतीने शहरे वाढली त्याच गतीने का वाढला, याचे एक उत्तर येथे आहे.

२९/
याच पोकळीत दत्तक घेण्याची चळवळ उभी राहिली. आळी गेली, तर निदान एक घर मिळावे, हा तिचा साधा विचार. अपघातातून वाचवलेले, शस्त्रक्रियेनंतर पाय गमावलेले, मालकाने बदलीच्या वेळी सोडून दिलेले कुत्रे आधी तात्पुरत्या घरी राहतात. लस, निर्बीजीकरण, मग इच्छुक कुटुंबाची भेट, घराची पाहणी, सोसायटीतील परिस्थितीची चौकशी, आणि त्यानंतर करार. २०२२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अशा दत्तक प्रक्रियेसाठी प्रमाण कार्यपद्धतीही प्रसृत केली.

३०/
गणित मात्र कठोर आहे. २०१४ च्या गणनेत एकट्या मुंबईत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्रे होते. पिल्लांना घर लवकर मिळते. मोठ्या, काळ्या, अपंग कुत्र्यांना वाट पाहावी लागते, आणि विकतच्या विदेशी जातींची हौस आड येते ती वेगळीच. दत्तक घेतल्याने एका कुत्र्याचे आयुष्य पालटते. शहराचा प्रश्न त्यातून सुटत नाही. त्यासाठी लस, शस्त्रक्रिया आणि कचऱ्याचे व्यवस्थापन हेच मार्ग आहेत.

३१/
फोर्टमध्ये मात्र एक वेगळे उदाहरण घडले. टाटा समूहाचे मुख्यालय असलेल्या बॉम्बे हाउसचे २०१८ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी इमारतीत स्वतंत्र खोली राखण्यात आली. रतन टाटा यांचा ‘गोवा’ हा कुत्राही मूळचा भटकाच. १८३२ मध्ये ज्या कोटात आठ आण्यांसाठी कुत्रे मारले गेले, त्याच भागात १८६ वर्षांनी एका पारशी उद्योगपतीच्या कार्यालयात त्यांना हक्काची जागा मिळाली. ते कुत्रे कोणाच्या घरी गेले नाहीत. त्यांची आळीच त्यांना परत मिळाली.

३२/
आणि जुना तोडगा पुन्हा वर आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्रे हलवून निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले गेले. ‘हलवा’ आणि ‘सांभाळा’, १८३२ आणि १८३४ ची दोन्ही उत्तरे एकत्र आली.

३३/
२२ ऑगस्टच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. इच्छुक व्यक्ती महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेऊ शकते. कुत्र्याला खूण करून तो तिला दिला जाईल. आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी तिची राहील. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्याच्या प्रश्नात ‘घर’ हा शब्द असा आणला.

३४/
दोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक सूत्र दिसते. १८१३ च्या नियमात मालक नसणे हा कुत्र्याचा गुन्हा होता. पांजरपोळाने त्याला संस्थेचे छप्पर दिले, १९९४ नंतरच्या धोरणाने त्याची हद्द मान्य केली, दत्तक प्रक्रियेने त्याला कुटुंब देऊ केले. प्रत्येक उत्तरामागे पैसा, जागा आणि माणसे लागली. जेथे ती लागली नाहीत तेथे पांजरपोळाची दाटी झाली, निर्बीजीकरण कागदावर राहिले आणि दत्तक गेलेली पिल्ले वर्षभरात पुन्हा रस्त्यावर आली.

३५/
१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरच्या या पुलाने मुंबई बंदराचे दोन्ही काठ जोडले. जासईचा लढा जेथे झाला तो पट्टा आणि जमशेटजींचा कोट यांच्यात आता जेमतेम तासाभराचे अंतर. पुलावरून रोज हजारो माणसे आणि माल इकडचा तिकडे जातो. पूर्व काठावर नव्या वसाहती उठत आहेत, आणि त्यांच्या फाटकांवर रात्रपाळीच्या पहारेकऱ्याजवळ एखादा गावठी कुत्रा बसलेला असतो. पहारेकरी डब्यातली अर्धी पोळी त्याला टाकतो. सोसायटीच्या नोंदवहीत त्या कुत्र्याचे नाव नसते. पहारेकऱ्याने मात्र त्याला एक नाव ठेवलेले असते, आणि हाक मारली की तो येतो.

(धागा समाप्त)